शनी सरकायलाय, मास्तर

मुनीर, तुझ्या मयतीला आलेली माणसं मी मोजत होतो. बाकीचे खांदा द्यायला धडपडत होते, डोळे पुसत होते, आणि मी कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून माणसं मोजत होतो. तुझ्या दुकानातून पंपाची जळालेली मोटार पुन्हा बांधून नेलेले शेतकरी होते, बाजारातले फळवाले होते, शाळेत आपल्यासोबत शिकलेले, आता टक्कल पडलेले सगळे होते. नारायणगडाच्या यात्रेत तू ज्यांना चंद्र दाखवलास त्यातलेही दोघे-तिघे फटफटीवर आले होते. दोनशेच्या पुढे मी मोजणं सोडलं. मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? माझ्यासाठी एवढे येतील का? जवळजवळ तीस वर्षं मी गेवराईत विज्ञान शिकवतोय. माझ्या हाताखालून गेलेली पोरं रस्त्यात दिसली की मोबाईलमध्ये डोकं घालतात.

तर हे असं आहे. तू गेलास तरी माझा हेवा गेलेला नाही. लोकांनी मला तुझ्याबद्दल दोन शब्द लिहायला सांगितलं, तुम्ही त्यांचे गुरू होता म्हणाले. मी लिहायला बसलो आणि गुरू या शब्दापाशीच अडलो. म्हणून आता त्यांच्यासाठी लिहीत नाही, तुलाच लिहितोय. तू वाचून हसशील, बिडी विझवशील आणि म्हणशील, "मास्तर, लई मनावर घेतो बे तू."

सुरुवातीपासून मनावर घेत आलोय. दुर्बीण माझी होती, हे तरी तुला मान्य आहे ना? सहा इंची आरशाची, पुण्याहून मागवलेली. पावसाळा उघडला होता आणि शनी संध्याकाळी नैऋत्येला दिसत होता. तीन संध्याकाळी मी गच्चीवर ती नळी फिरवत बसलो. नुसता अंधार दिसायचा, फार तर एखादी चुकार चांदणी पळून जायची. चौथ्या दिवशी तू आमच्या बैठकीतला पंखा बसवायला आलास. वर आलास, हात न लावता चारी बाजूंनी बघितलंस, आणि विचारलंस, "ही वरची छोटी नळी आन खालची मोठी, दोन्ही एकाच ठिकाणी बघतेत का?" मग उजेड होता तोवर मोठ्या नळीत पाण्याच्या टाकीवरचा दिवा धरलास, छोटी नळी स्क्रू पिळून त्याच दिव्यावर आणलीस, आणि अंधार पडल्यावर पहिल्याच झटक्यात शनी धरलास.

माझ्या दुर्बिणीतून शनी पहिल्यांदा तू बघितलास. मी दुसरा. "आर मास्तर, याला खरंच कडं हाय की!" एवढं तू मोठ्याने ओरडलास की खालून माझी बायको धावत आली. ती तिसरी. मी तुझ्या पाठीमागे पंखे पुसायचं तुझं फडकं हातात धरून उभा होतो. त्या वर्षी कडं चांगलं उघडलेलं होतं. बघितलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्यातलं थोडं रागाचं होतं, हे आज सांगतो.

त्यानंतर दुर्बीण तुझ्या गच्चीवर गेली ती तिथेच राहिली. कारण चांगलंच होतं, तुझ्या गच्चीवरून पश्चिम मोकळी होती. पण वाळूचे हायवा ट्रक खालून गेले की आख्खा स्लॅब हलायचा आणि गुरू दुर्बिणीत उकळायला लागायचा. दोन हायवांच्या मधला शांत वेळ पकडून फोटो काढायचा, ही तुझी युक्ती. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला कॅमेरा आणून त्याचं भिंग काढून तो दुर्बिणीला बसवला, ही तुझी युक्ती. दोन मिनिटं चित्रण करायचं आणि त्यातल्या हजारो चित्रांमधली चांगली तेवढी निवडून कॉम्प्युटरवर एकावर एक रचायची, हे मात्र मी वाचून तुला सांगितलं होतं. मी सांगितलं, आणि तू केलंस. माझा गुरू बुंदीच्या लाडवासारखा यायचा. तुझ्या गुरूवर पट्टे असायचे, आणि एकदा तर तो लाल डागही आला. बायकोने आमच्या बैठकीत कोणाचा फोटो लावला? तुझा. मी रोज त्याच्याखाली बसून पेपर वाचतो.

आणि मग तू तो पाट केलास. लाकडी पाट, त्यावर दुर्बीण. पाटाचा आस ध्रुवाकडे रोखलेला, आणि खाली कुलरच्या पट्ट्या इकडून तिकडे हलवणारी ती बोटभर मोटर. मोटरवर एक पुली, तिच्यावरून पट्टा. पृथ्वी जेवढी फिरते तेवढाच पाट उलटा कलायचा, आणि ग्रह फोटोच्या चौकटीत जागच्या जागी बसून राहायचा. दुकानात बसून, गिऱ्हाईकं सांभाळत, सातवी शिकलेल्या माणसाने हे केलं. मी त्या संध्याकाळी तुझी पाठ थोपटली आणि घरी जाऊन जेवलो नाही.

पण त्या पाटात माझ्यासाठी एक जागा उरली होती. ध्रुव. आस बरोबर ध्रुवावर लावायचा तर होकायंत्र, थोडं गणित आणि सवयीची नजर लागते, आणि ती माझ्याकडे होती. ग्रह चौकटीतून सरकायला लागला की तुझा फोन यायचा. "शनी सरकायलाय, मास्तर. या लवकर." मी बुशशर्ट चढवून निघायचो. पाटाच्या कुठल्या पायाखाली कागदाची घडी सारायची, किती सारायची, हे मी ठरवायचो. "हां, आता जमलं बघ," असं तू म्हणालास की मला पगार झाल्यासारखं वाटायचं. तुझ्या गच्चीवर मी त्या घडीपुरता होतो.

आता ऐक. यापुढचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या लक्षात आलं असेल, ग्रह रोज सरकत नसे. लाईट गेलेल्या संध्याकाळी सरकायचा, तू इन्व्हर्टरवर मोटर लावायचास तेव्हा. मला ते बरेच दिवस कळलं नव्हतं. मग एकदा दहावीच्या वर्गात मी विजेचा धडा शिकवत होतो. आपल्या तारेतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते, आणि काही मोटरी बरोबर त्याच तालावर फिरतात, असं सांगता सांगता माझा खडू फळ्यावर तसाच राहिला. कुलरची मोटर तीच जात. तुझ्या त्या स्वस्तातल्या इन्व्हर्टरचा ताल पन्नासला जरा कमी पडत असणार. मोटर मंद, पाट मंद, ग्रह पुढे निघून जातो. ध्रुवाचा त्यात काही दोष नाही. पायाखाली कागद सारा नाहीतर वीट, तो सरकणारच.

घंटा झाली. मला तेव्हाच तुझ्या दुकानात येऊन सांगता आलं असतं. शाळेपासून दुकान दहा मिनिटांवर. मी आलोसुद्धा, चहा प्यायलो, आणि गप्प बसलो. कारण तुला जे माहीत नाही असं माझ्याजवळ हे एवढंच होतं. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी काहीतरी करून ते दुरुस्त केलं असतंस, आणि मग मला कशाला बोलावलं असतंस? त्या दिवसापासून मी कागदाची घडी सारत राहिलो, उपयोग नाही हे पक्कं माहीत असताना. "आता जमलं," तू म्हणायचास. "जमणारच, ध्रुवाला हात कुणी लावला," मी म्हणायचो.

आणि त्या डिसेंबरात गुरू आणि शनी एकमेकांजवळ आले. करोनाचं वर्ष. शाळा जेमतेम उघडलेली, तुझं दुकान अर्धं बंद. रोज संध्याकाळी ते दोघे थोडे थोडे जवळ येताना आपण बघत होतो, शेवटी साध्या डोळ्यांना एकच तारा वाटावा इतके. दुर्बिणीच्या एका चौकटीत गुरू, त्याचे चंद्र आणि कड्यासकट शनी. असं पुन्हा बघायला आपण दोघंही असणार नव्हतो. तू आठ दिवस आधीपासून गच्ची झाडून ठेवली होतीस.

अंधार पडला आणि लाईट गेली. दिवे विझल्याने आकाश काळंभोर झालं, पश्चिमेला ते दोघे लखलखले, आणि तू इन्व्हर्टर लावलास. मला आठवतंय, तोंडावर मास्क होता म्हणून तुला माझं तोंड दिसत नव्हतं. ग्रह खाली चालले होते, हातात जेमतेम तास होता. तुझी नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर. "सरकायलंय बे मास्तर." मी खाली बसलो, घडी सारली. "अजून सरकायलंय." दुसऱ्या पायाखाली सारली. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. मोटर बंद करून पाट हाताने कलव, एवढं एक वाक्य. मी तिसरी घडी केली.

चित्रण झालं ते फरपटलेलं. "बघू, घरी बसून काय निघतंय ते," म्हणालास, आणि मला जिन्यापर्यंत बॅटरी दाखवलीस.

चार दिवसांनी दुकानाच्या भिंतीवर तो फोटो लागला. धारदार. गुरूचे दोन पट्टे, चारही चंद्र टाचणीच्या टोकाएवढे स्वच्छ, आणि शनीचं कडं. खाली तुझ्या त्या वाकड्या अक्षरात दोन नावं, आधी माझं, मग तुझं. लोक येऊन बघत होते. मी तुझ्याकडून ते चित्रण मागून आणलं आणि महिनाभर त्याच्यामागे लागलो. तीच चित्रं निवडली, पुन्हा रचली, पुन्हा पुसली. माझ्या हातून फराटेच निघत होते. तुझ्या हातात असं काय होतं, जे माझ्या हातात देवाने घातलं नाही?

मग मी तुझ्या दुकानात येऊन भांडलो. चार गिऱ्हाईकं बसलेली असताना.

"हा फोटो खोटा हाय," मी म्हणालो. "रंगवलास तू."

"कावून रंगवू बे? मला रंगवता आलं असतं तर दुकानाची पाटी अशी राहिली असती का?"

लोक हसले. मी जास्तच चिडलो. "मग त्या फराट्यांतनं हे निघालं कसं ते सांग. माझ्यासमोर काढून दाखव."

तू तांब्याची तार गुंडाळत होतास. तुझा हात थांबला. मला वाटलं आता पकडलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग पुन्हा तारेकडे. "असूंदे खोटा," म्हणालास. "चहा घे."

ते भांडण आपण पुरं केलंच नाही. नंतर मी पुन्हा यायला लागलो, तू फोन करायला लागलास, पण तुझ्या मागे मी दोन-तीन ठिकाणी बोललो. मुनीरचे फोटो चांगले असतात, पण जरा हात मारलेला असतो. हे तुझ्या कानावर गेलं होतं, मला माहीत आहे. तू कधी विचारलं नाहीस.

गेल्या नोव्हेंबरात तुझा शेवटचा फोन आला. "मास्तर, या बे. कडं सुतावानी झालंय. न्हाईच म्हना ना. पुढच्या वर्षी उघडताना बघू, पण आज मिटलेलं बघून घ्या. आन लाईट गेलीय, सरकायलाय पण." मी घरात मोकळाच बसलो होतो, समोर तुझा गुरू भिंतीवर. पण त्याच दिवशी शाळेत नवे मुख्याध्यापक मला म्हणाले होते, पोरांना ग्रह दाखवायला त्या मुनीरभाईंना बोलवा ना. मी तुला म्हणालो, पेपर तपासायचेत. "बरं, मग उद्या," तू म्हणालास. उद्याही मी आलो नाही. पंधरा दिवसांनी दुपारी दुकानात तुझ्या छातीत दुखलं आणि मला फोन आला तो तुझ्या मुलीचा, जीनतचा.

परवा जीनतने पुन्हा फोन केला. अम्मी म्हणतेय, सरांची दुर्बीण सरांना द्यायची आहे. सरांची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती माझी म्हणालं, आणि मला ती नको झाली होती. तरी तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, तू गेल्यापासून चार महिने परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मधे पडदा होता. जीनतने पाट, मोटर, कॅमेरा सगळं खाली आणून पुसून ठेवलं होतं, आणि शेजारी तुझा बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात स्क्रू, तारा आणि एक पुली. मोटरवर होती तशीच, पण जराशी मोठी.

"ही कशाची?" मी विचारलं.

जीनत काही बोलायच्या आत पडद्याआडून भाभींचा आवाज आला. "ती मोठी पुली हाय, सर. लाईट गेली की ती लावायचे. मग न्हाई सरकायचं."

मी ती हातात धरून बसलो. मोटर मंद, म्हणून पुली मोठी. किती सोपं. मी दहावीच्या वर्गात शोधून काढलं म्हणून खूश होतो, ते तुला काय नवीन होतं? आयुष्यभर मोटारी बांधणाऱ्या माणसाला विजेचा ताल मी सांगणार होतो!

"कधीपासून होती ही?"

"पाट केला तवापासूनच. तुमी आले की छोटी लावायचे, तुमी नसले की मोठी. मी म्हनायची, कावून सरांना हैरान करता? तर म्हनायचे, मास्तरला कळालं की न्हाई सरकत, तर मास्तर कशाला येतील इथं?"

मग मी भिंतीवरच्या त्या फोटोचं विचारलं. गुरू आणि शनीचा. भाभींना आठवत होतं. "तुमी होते त्या दिवशी लई खराब आला. दुसऱ्या दिवशी एकटेच बसलते वर, मोठी पुली लावून. कुनाला सांगू नको म्हनले."

दुसऱ्या दिवशी. ते दोघे दुसऱ्या दिवशीही तेवढेच जवळ होते की. गुरूचे चंद्र कुठे होते ते कोष्टकात एकदा पडताळलं असतं तरी मला तारीख कळली असती. विज्ञानाच्या शिक्षकाला ते सुचलं नाही, कारण तो तुझ्या हातांचा हेवा करण्यात गुंतला होता. आणि तू चार लोकांसमोर खोटारडा ठरलास, पण पुलीचं नाव काढलं नाहीस. मला माझी घडी सारता यावी म्हणून. आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो, मुनीर. मी यावं म्हणून तू गप्प होतास. आणि मी? तू माझ्या पुढे जाऊ नयेस म्हणून.

मला वाटलं होतं हे कळल्यावर तरी हेवा जाईल. गेला नाही. उलट आता जास्त होतो. शनी आधी बघितलास, गुरू चांगला काढलास, ते मी कसंबसं गिळलं होतं. पण एवढं मन तू कुठून आणलंस? आपण एकाच बाकावर बसायचो. माझ्या वाट्याला ते का आलं नाही? माफी मागायला हवी हे मला कळतं. ती मागताना सुद्धा वाटतंय की इथेही तू आधी पोचलास.

निघताना मी जीनतला विचारलं, मोटरवर आता ही छोटी कशी? तिने आईकडे, म्हणजे पडद्याकडे बघितलं. "नोव्हेंबरात तुमाला फोन केलता ना, त्या दिवशी लावली," भाभी म्हणाल्या. "तुमी येनार म्हनून. दुसऱ्या दिवशीबी तशीच ठेवली. मग कणकण हाय म्हनले, पुन्हा वर गेलेच न्हाईत."

आज संध्याकाळी दुर्बीण पाटासकट माझ्या गच्चीवर आणली. पूर्वेला गुरू वर आलाय, नैऋत्येला शनी. कडं आता एका बारीक रेघेएवढं दिसायला लागलंय, तू म्हणाला होतास तसं ते उघडणार आहे. होकायंत्र घेतलं, आस ध्रुवावर लावला, दोनदा तपासला. एवढं मला येतं. मग लाईट गेली. मी इन्व्हर्टर लावला. बिस्किटाचा डबा शेजारीच होता, झाकण उघडून मोठी पुली बसवायला दोन मिनिटं पुरली असती.

मी डबा उघडला नाही. छोटीवरच मोटर चालू केली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिलो. शनी चौकटीच्या मधोमध होता, मग थोडा बाजूला, मग कडेला. सरकायलाय बे, मुनीर. मी खाली बसलो, वहीचं एक पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि पाटाच्या पायाखाली सारलं. त्याचा काही उपयोग नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.